चौदा नावांचं चावडीवाचन

म्हातारीनं त्या थोराड माणसाचं मनगट धरलं होतं आणि ते सोडायला ती तयार नव्हती. तसंच त्याला ओढत ती माझ्या कचेरीत, म्हणजे शाळेच्या एकुलत्या एका खोलीत शिरली. मोकळ्या हातानं तिनं भिंतीवरून फाडून आणलेला एक कागद माझ्या टेबलावर आपटला आणि काहीतरी म्हणाली.

"मास्तर, काय म्हणतायत या?"

मास्तर ओरुन म्हणजे माझे दुभाषे. त्याच शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं इंग्रजी शाळेतलं, माझंही शाळेतलं, त्यामुळे आमचं छान जमायचं. पण त्या दिवशी ते माझ्याकडं बघेनात.

"त्या विचारतायत, हा माणूस कुणाचा?"

कागद मतदार यादीचा होता. मी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि वाचलं, "बेकान, वय एकतीस. खालचं गाव, अनुक्रमांक त्रेचाळीस. वडील तोमेर. बरोबर आहे की! आधी चुकून वरच्या गावात, झुरा नावाच्या बाईच्या घरात लागलं होतं. मी दुरुस्त केलं."

मास्तरांनी ते सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"झुरा मीच," ती म्हणाली आणि तिथंच जमिनीवर बसली. मनगट तिच्या हातात, त्यामुळे त्या थोराड बेकानलाही गुडघे मुडपून खाली बसावं लागलं. एवढा बाप्या, पण डोळे पाण्यानं भरलेले. मला काही कळेना. मी मनात म्हटलं, एवढं रडण्यासारखं काय आहे बाबा, मत तर देता येणारच आहे तुला.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते. मी प्रमिला दौंडकर, सोलापूरकडची, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले त्याला आता नऊ वर्षं झाली. निवडणूक शाखेत माझी अख्खी नोकरी गेली. बोगस मतदार हुडकण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता, हे मी सांगत नाही, कलेक्टरसाहेबांनी लिहून दिलेलं आहे. मेलेली माणसं, दोन गावांत लागलेली माणसं, बापाचं नाव एक आणि घर भलत्याचंच अशी माणसं, मला वासच यायचा. म्हणूनच एकवीस वर्षांपूर्वी एका परदेशी मंडळानं माणसं मागितली, तेव्हा आमच्याकडून माझं नाव गेलं. देशाचं नाव सांगत नाही, तसं सही करून दिलंय. डोंगराळ मुलूख. आठ वर्षं यादवी चाललेली, मग तह झालेला, आणि आता गावागावांत पंचायती निवडून द्यायच्या होत्या. सगळ्या जगानं मदत पाठवलेली. जीपगाड्या, सौर दिवे, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मतपेट्या आणि हसऱ्या चिमण्यांची चित्रं असलेली 'तुमचं मत, तुमचं भविष्य' अशी पत्रकं. माझ्याकडं दोन गावं आली, एक वरचं, एक खालचं. मधून ओढा.

यादीला हात लावला आणि मला चौदा नावं सापडली. जन्म एका गावातला, लागलेले दुसऱ्या गावात. सात इकडचे तिकडं, सात तिकडचे इकडं. बापाचं नाव एक, घर दुसऱ्याचं. मी खुर्चीतून उठलेच!

"मास्तर, हे बघा! सरळसरळ बोगस."

"बाई, ती नावं राहू द्या."

"का?"

"ती तशीच आहेत."

झालं. हे वाक्य मी नोकरीत शंभर तलाठ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. 'राहू द्या मॅडम, ते तसंच आहे.' आणि प्रत्येक वेळी खाली काहीतरी कुजकं निघालं होतं. मी मास्तरांना चार शब्द सुनावले, जन्मनोंदी मागवल्या आणि एका दुपारात चौदाच्या चौदा नावं आपापल्या बापाच्या घरी नेऊन ठेवली.

तेवढ्यावर थांबते तर ती मी कसली. आपल्याकडं यादीचं चावडीवाचन करतात. गाव गोळा करायचं, एकेक नाव मोठ्यानं वाचायचं, मग कोण मेलं, कोण गाव सोडून गेलं ते लोकच सांगतात. मंडळाच्या नियमांत हे नव्हतं. मी हट्टानं घातलं. आमच्या मुख्य अधिकारी मार्गिटबाई खूश झाल्या, बाकीच्या गावांनाही करायला लावू म्हणाल्या. वाचनाच्या दिवशी मास्तर म्हणाले, माझा घसा बसलाय. मग मीच कर्णा हातात घेतला. दोन्ही याद्या आधी वरच्या गावात वाचल्या, मग खालच्या. नाव, बापाचं नाव, घर. दोन्हीकडं लोक दगडासारखे उभे होते. एक हरकत नाही, एक प्रश्न नाही. मी अहवालात लिहिलं, 'वाचन शांततेत पार पडले.' ही कालचीच गोष्ट.

आणि आज ही म्हातारी माझ्यासमोर जमिनीवर बसलेली.

"मास्तर, आता तरी बोला," मी म्हटलं. "काय झालंय?"

मास्तर खुर्चीवर बसले. तीन महिन्यांत ते माझ्यासमोर प्रथमच न विचारता बसले.

"यादवीत या दोन गावांनीही एकमेकांची माणसं मारली, बाई. सात त्यांची, सात यांची. झुराचा मुलगा त्यातलाच. बेकानच्या थोरल्या भावानं त्याला मारलं. राजधानीत तह व्हायच्या कितीतरी आधी, दहा वर्षांपूर्वी, आम्ही आमचं आम्ही मिटवलं. ज्या घरानं मारलं, त्या घरानं आपला एक मुलगा त्या घराला द्यायचा. नोकर म्हणून नाही, मुलगा म्हणून. तो तिथं जेवतो, तिथलं शेत कसतो, तिथली म्हातारी माणसं सांभाळतो. असे चौदा दिले."

"आणि... परत कसा घेतात?"

"दोन्ही गावांसमोर त्याचं नाव जन्मदात्या बापाच्या नावासकट मोठ्यानं वाचलं, की तो परत गेला. दिलेलं फिटलं आणि जुनं रक्त उघडं पडलं."

हातातला पेन मी टोपण लावून खाली ठेवला.

"पुढच्या बाजारापर्यंत मुदत असते," मास्तर म्हणाले. "अजून तीन दिवस. तोवर चौदाही जणांनी जन्मगावी परतायचं. त्यानंतर कुणी कुणाचा जुना सूड घेतला तर त्याला कुणी अडवू शकत नाही. सेफ नावाचा एक पोरगा तर आज पहाटेच खिंड ओलांडून निघून गेला. ना या घरी, ना त्या. आणि झुरानं कालपासून याचा हात सोडलेला नाही. ती म्हणते, मी हात धरलाय तोवर तो गेला असं कोण म्हणतो ते बघतेच."

"अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" माझा आवाज चढला. मला खरं तर माझाच राग आला होता.

"तुम्ही 'का' विचारलंत, बाई. उत्तर ऐकायला थांबला नाहीत." मग ते म्हणाले, "आणि हे आम्ही परक्यांना सांगत नाही. एकदा एका मदत संस्थेला सांगितलं होतं. त्यांनी आमच्यावर चित्रपट काढला आणि चौदा जणांना एकसारख्या टोप्या वाटल्या."

मास्तरांनी हातानं केलेली टोपीची खूण बघून खाली बसलेला बेकान पहिल्यांदाच बोलला. "ती टोपी आमचा बोकड घालतो."

झुरा खुदकन हसली आणि मग तिला रडू फुटलं. हात मात्र सुटला नाही.

मी मार्गिटबाईंना फोन लावला. वाईट बाई नव्हती ती, उलट फार चांगली. आपला देश, आपली दोन मुलं सोडून त्या डोंगरात धूळ खात होती. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"प्रमिला, यादी बंद झाली. काल एकही हरकत आली नाही, म्हणून रात्रीच छापायला गेली. मतदान बारा दिवसांवर आहे. मला एक नावही हलवता येणार नाही. आणि नोंद तर चुकीची नाहीच ना?"

"नोंद बरोबर आहे. बाकी सगळं चुकलंय."

"मी पोलिसांच्या दोन गाड्या पाठवते. आणि राजधानीतून समेटाचे तज्ज्ञ येऊ शकतील, दोन आठवड्यांत."

"बाजार तीन दिवसांवर आहे, बाई. आणि पोलिसांच्या गाड्या आल्या की लोक म्हणतील, आता नक्कीच काहीतरी होणार. गाड्या नकोत."

मग ती म्हणाली, "मग मी काय करू, सांग ना?" आणि मला तिची कणव आली. एवढ्या जीपगाड्या, एवढी माणसं हाताखाली, आणि एका म्हातारीचा हात सोडवायचा कसा की सुटू द्यायचा नाही कसा, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

फोन ठेवून मी मास्तरांना विचारलं, "पुन्हा नव्यानं देता येत नाहीत का?"

"येतात. घरं तयार आहेत. कुणालाच रक्त नकोय, बाई. पण नावं बोलायची कुणी? ते कुणीही बोलून चालत नाही. जो स्वतः कधीतरी दिलेला आहे, त्यालाच तो हक्क. दहा वर्षांपूर्वी म्हातारा इस्काल बोलला होता. आजोबांच्या काळातल्या भांडणात दिलेला. तो दोन हिवाळ्यांपूर्वी वारला. आता दिलेले हे चौदाच, आणि त्यांचं देणं तर तुम्ही..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. भला माणूस.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर सौर दिव्याच्या खांबाला कुणाची तरी शेळी बांधली होती. अख्ख्या नोकरीत जे मी एका माणसाला सांगितलं नव्हतं, ते घशाशी आलं होतं.

"मास्तर," मी पाठमोरीच म्हणाले, "मी दिलेली आहे."

"काय?"

"मला माझ्या आईनं तिच्या बहिणीच्या ओटीत घातलं. मी तीन वर्षांची होते. शाळेत नाव घालताना मावशीच्या यजमानांचं नाव बाप म्हणून लावलं. ना कोर्ट, ना कागद. माझा दाखला, माझं नोकरीचं पुस्तक, सगळं तसंच. माझंच नाव मला यादीत सापडलं असतं ना, तर मी बोगस म्हणून खोडलं असतं."

मास्तरांनी ते झुराला सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग मोकळ्या हातानं तिनं मला खुणावलं, ये, इकडं बैस. मी, राजपत्रित अधिकारी, तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"का दिलं तुला?" तिनं विचारलं.

"मावशीचं बाळ गेलं होतं. ती जेवत नव्हती. माझ्या आईला आम्ही चार मुली. आई म्हणाली, ही घे, पण जेव."

"पळून गेलीस कधी?"

"एकदाच. सहा वर्षांची असताना. आईकडं गेले. मावशी उन्हातून चालत मागोमाग आली. दारात उभी राहिली, आत येईना. म्हणाली, तिला यायचं असेल तरच नेईन."

"मग?"

"मग काय, गेले तिच्याबरोबर. तेव्हापासून तिलाच आई म्हणते." मी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "काल तुमच्या बेकानचं नाव वाचताना मला काही म्हणजे काही वाटलं नाही, झुराबाई. मलाच वाटायला हवं होतं."

झुरानं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. "घसा चांगला आहे तुझा," ती म्हणाली. "काल वरच्या मळ्यापर्यंत ऐकू आलं. तेवढ्याच मोठ्यानं बोल."

मार्गिटबाईंना मी कळवलं. मंडळाच्या माणसांनी गावच्या विधीत भाग घ्यायचा नाही, असा नियम होता. "मी तुला परवानगी देऊ शकत नाही," ती म्हणाली, आणि लगेच पुढं, "बाजाराच्या दिवशी तुझी रजा टाकते मी. रजेवर तू कुठं जातेस ते मला कळायचं कारण नाही." सांगितलं ना, चांगली बाई होती.

बाजाराच्या दिवशी मंडळाचं निळं जाकीट मी खिळ्याला टांगलं आणि पेटीच्या तळाशी ठेवलेलं इरकली लुगडं नेसले. आईचं. म्हणजे मावशीचं. ओढ्याकाठी अक्रोडाचं जुनं झाड आहे, त्याच्या इकडं वरचं गाव बसलं, तिकडं खालचं. मधे तेरा जण. सेफची जागा मोकळी सोडली होती, आणि ज्या म्हाताऱ्याला तो दिलेला होता, तो त्या जागेकडं बघत बसला होता. मला त्याच्याकडं बघवेना.

कर्णा घेतला नाही. आधी माझं सांगितलं, मराठीतच; मास्तरांना आदल्या रात्री इंग्रजीत समजावून ठेवलं होतं, ते मागोमाग त्यांच्या भाषेत. "मी प्रमिला. सुभद्रानं मला जन्म दिला आणि यमुनाला दिलं. मी यमुनाची." आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलले, आणि तेही कुठं, तर जिथं सुभद्रा कोण नि यमुना कोण हे कुणाला ठाऊक नाही तिथं. तरी गर्दीतल्या दोन-तीन बायकांनी पदरासारखा रुमाल तोंडाला लावला.

मग नावं घेतली. बाप नाही, अनुक्रमांक नाही. "बेकान, झुराचा." खालच्या गावातून त्याचा सख्खा थोरला भाऊ उठला, ज्यानं झुराचा मुलगा मारला होता तोच. मान खाली घालून चालत आला, बेकानच्या पाठीवर हात ठेवून त्यानं त्याला झुराकडं जरासं ढकललं आणि तसाच परत गेला. तेव्हा कुठं झुरानं मनगट सोडलं. चार दिवसांत पहिल्यांदा. त्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उमटले होते. ती आपला आखडलेला हात चोळत होती आणि बेकान तिला म्हणत होता, "आता जेवशील तरी का?"

तेरा नावं झाली. चौदावंही घेतलं मी, "सेफ, दारेनचा." मोकळ्या जागेसमोर उभं राहून. म्हातारा दारेन उठून उभा राहिला, थोडा वेळ थांबला आणि बसला. सेफ परत आला नाही. पुढं मास्तरांच्या पत्रांतूनही कधी तो आल्याचं कळलं नाही. ते माझ्या हातून गेलं ते गेलंच. कुणी मला दोष दिला नाही, म्हणून ते काही कमी होत नाही.

मतदान ठरल्या दिवशी, दोन्ही गावांचं ओढ्याकाठच्या शाळेतच झालं. भल्या सकाळपासून रांगा. निळ्या खुर्च्या, सीलबंद पेट्या, सगळं चोख. मार्गिटबाई स्वतः आल्या, सोबत कॅमेरेवाले. शेकडा ब्याण्णव मतदान! एवढं आमच्या तालुक्यात कधी झालं नाही. हेही सांगायला पाहिजे, लोकांना मत द्यायला आवडलं. बायका नटूनथटून आल्या होत्या. खालच्या गावात एका विधवेनं सरपंचकीला उभ्या राहिलेल्या आपल्याच दिराला पाडलं आणि आठवडाभर त्याचीच चर्चा होती.

फक्त ते तेरा जण मत द्यायला आले नाहीत. यादीत ते जन्मगावी होते, आणि त्या रांगेत उभं राहणं म्हणजे परत गेल्यासारखं झालं असतं. जिथं राहत होते तिथल्या यादीत नाव नव्हतं. मी पुन्हा एकदा फोन करून पाहिला होता, अर्ज केला होता, हात जोडले होते. यादी बंद होती. ज्यांच्यामुळं त्या दिवशी दोन्ही गावं शांतपणे रांगेत उभी होती, ते तेरा जण दिवसभर अक्रोडाखाली बसून होते. नंतर छापील अहवालात, सेफलाही धरून, त्यांचं असं आलं, 'चौदा मतदार उदासीन.'

दुपारी झुरा मत देऊन बाहेर आली. डावी तर्जनी वर धरलेली, शाई अजून ओली. मी दारातच उभी होते. मला वाटलं, मला दाखवायला येतेय. पण ती सरळ अक्रोडाखाली गेली, बेकानचा हात ओढून घेतला आणि आपलं ओलं बोट त्याच्या नखावर नीट घासलं. कुंकू लावावं तसं, हलक्या हातानं. मग दुसऱ्या बायका तिचं बघून निघाल्या. या घरची, त्या घरची. आणि म्हातारा दारेनही बाहेर आला. त्याला कुणाच्या नखाला लावायचं ते कळेना. तो बोट धरून तसाच उभा राहिला. शेवटी झाडाजवळ जाऊन त्यानं ते खोडाला पुसलं.

नियमानं हा गुन्हा होता. मत न दिलेल्या माणसाच्या बोटावर शाई, मी पंचनामा करायला हवा होता. मार्गिटबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही पाहिलं.

"प्रमिला, ते काय करतायत?"

"यादी दुरुस्त करतायत," मी म्हटलं.

कॅमेरेवाल्यांना त्यांनी दुसऱ्या बाजूला नेलं.

सगळ्या मदतीतून आलेली ती शाई मात्र फार चांगली होती. नखावरून ती दोन महिने तरी गेली नसणार.